‘कॅल्शियम’ कशाचे? : प्रवाळपेटीच्या पूरकांची निवड आणि चुन्याची मराठी परिभाषा

हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव हे तालुक्याचे गाव कोकणच्या किनाऱ्यापासून सरळ रेषेत चारशे किलोमीटरांहून अधिक दूर, दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या पठारावर वसले आहे. अशा ठिकाणी प्रवाळादी समुद्रजीवांची काचपेटी सांभाळावयाची झाल्यास समुद्राचे पाणीदेखील घरीच तयार करावे लागते. शुद्ध पाण्यात बाजारात मिळणारे सागरी मीठ योग्य प्रमाणात विरघळविले की हे काम बव्हंशी साधते. खरी अडचण त्यानंतर उद्भवते. पेटीतील चुनेधारी जीव पाण्यातील कॅल्शियम वापरीत राहतात, आणि त्याची भरपाई कोणत्या द्रव्याने करावी हे ठरवावे लागते. ‘कॅल्शियम’ हे एकच नाव धारण करणारी द्रव्ये सेनगावसारख्या गावातही अनेक ठिकाणी आढळतील : औषधांच्या दुकानातील गोळ्या, कृषी सेवा केंद्रातील कॅल्शियम नायट्रेट, दुभत्या जनावरांना पाजावयाचे द्रवरूप कॅल्शियम, पानाच्या ठेल्यावरील चुना आणि दूरच्या शहरातून मागविलेल्या खास पूरकांच्या बाटल्या. नाव एक असले तरी यांचे गुणधर्म परस्परांहून अत्यंत भिन्न आहेत, आणि निवड चुकली तर पेटीतील जीवांस त्याची किंमत मोजावी लागते.

प्रस्तुत लेखाचा हेतू दुहेरी आहे. ही निवड कोणत्या तत्त्वावर करावी हे स्पष्ट करणे हा पहिला हेतू. या निवडीत जो भेद निर्णायक ठरतो तो ‘कॅल्शियम’ या आधुनिक संज्ञेत झाकला जातो, परंतु चुन्याविषयीच्या मराठी शब्दांत मात्र पूर्वीपासून स्पष्टपणे व्यक्त झालेला आहे, हे दाखविणे हा दुसरा.

१. प्रवाळाची गरज दोन घटकांची

समुद्राच्या सामान्य पाण्यात, एका किलोग्रॅमामागे, कॅल्शियम सुमारे ४१० ते ४२० मिलिग्रॅम आणि मॅग्नेशियम सुमारे १२८० ते १३०० मिलिग्रॅम असते. पाण्याचा पीएच ८.१ ते ८.२ असतो. या पाण्यात आणखी एक गुण असतो, तो म्हणजे आम्लास तोंड देण्याची शक्ती. ही शक्ती मुख्यतः बायकार्बोनेट व कार्बोनेट आयनांमुळे येते. तिचे मान लिटरमागे सुमारे २.३ ते २.५ मिलिइक्विव्हॅलंट, म्हणजे जर्मन अंशांच्या मोजपट्टीवर सुमारे साडेसहा ते सात अंश असते.

या गुणास मराठीत काय म्हणावे, येथेच परिभाषेचा पहिला पेच निर्माण होतो. ‘क्षारता’ हा शब्द सहज सुचतो. परंतु तो द्व्यर्थी आहे. संस्कृत वैद्यकात ‘क्षार’ म्हणजे वनस्पती जाळून मिळणारे दाहक, अल्कधर्मी द्रव्य होय. ‘यवक्षार’, ‘सज्जीखार’, ‘पापडखार’ या शब्दांत हा जुना अर्थ टिकून आहे. पाठ्यपुस्तकांच्या मराठीत मात्र आम्ल आणि आम्लारी यांच्या संयोगातून बनणाऱ्या पदार्थास ‘क्षार’ म्हणतात, आणि त्यामुळे ‘क्षारता’ म्हणजे पाण्याचा खारटपणा असा अर्थ रूढ झाला. ‘पाण्याची क्षारता कमी झाली’ या वाक्याचा एक वाचक मीठ घालावे असा अर्थ लावील, तर दुसरा सोडा घालावे असा. दोन्ही कृतींचे परिणाम सर्वस्वी निराळे आहेत. म्हणून या लेखात खारटपणासाठी ‘लवणता’ आणि आम्लास तोंड देण्याच्या शक्तीसाठी ‘अल्कता’ हे शब्द योजिले आहेत.

प्रवाळ आपला सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटाचा बनवितो. त्यासाठी तो एका कॅल्शियम आयनामागे दोन बायकार्बोनेट आयनांइतकी अल्कता खर्ची घालतो. वजनाच्या भाषेत सांगावयाचे तर, लिटरमागे २० मिलिग्रॅम कॅल्शियम खर्च झाले की अल्कता १ मिलिइक्विव्हॅलंटने, म्हणजे २.८ जर्मन अंशांनी, उतरते. हे प्रमाण जवळजवळ अढळ आहे.

या प्रमाणातून निघणारा निष्कर्ष सामान्य समजुतीस धक्का देणारा आहे. पेटीत कॅल्शियम ४२० आणि अल्कता २.५ असताना प्रवाळांनी वरीलप्रमाणे एकेक मात्रा वापरली असे मानू. कॅल्शियम ४२० वरून ४०० वर येईल. ही घट पाच टक्क्यांहूनही कमी आहे. अल्कता मात्र २.५ वरून १.५ वर येईल. ही घट चाळीस टक्के आहे. म्हणजे जो केवळ कॅल्शियम मोजतो त्यास पेटी ठीक असल्याचेच दिसते, आणि त्याच वेळी प्रवाळांचे वाढणे थांबण्याच्या बेतात असते. कॅल्शियमचा साठा मोठा आहे, अल्कतेचा साठा लहान आहे. आणि लहान साठा आधी संपतो. ‘कॅल्शियमपूरक’ या नावाने जे विकले जाते त्यात अल्कता आहे की नाही, हा प्रश्न म्हणूनच सर्वांत महत्त्वाचा ठरतो.

२. पूरक मुळात हवे काय?

द्रव्यांची तुलना करण्यापूर्वी गरजेचे मान ठरविणे आवश्यक आहे. भारतात या प्रश्नास कायद्याचीही बाजू आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली खडकनिर्मिती करणारे सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे यांचा समावेश करण्यात आला. मालवणच्या सागरी अभयारण्यातील, किंवा कोणत्याही भारतीय समुद्रातील, असा प्रवाळ काढणे, बाळगणे वा विकणे हा गुन्हा आहे. आणि ही तरतूद किती गांभीर्याने घेतली जाते हे मुंबईतील अलीकडच्या उदाहरणावरून कळते. २०२० साली किनारी रस्त्याच्या बांधकामासाठी वरळी व हाजीअली येथील खडकांवरील प्रवाळ वसाहती हलवाव्या लागल्या, तेव्हा तेवढ्यासाठीही वन्यजीव खात्याची रीतसर परवानगी घेऊन शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली स्थलांतर करण्यात आले. महाकाय शिंपलेही त्याच अनुसूचीत आहेत.

याचा व्यावहारिक परिणाम असा की भारतातील घरगुती पेटीत चुन्याची मोठी भूक असणारे जीव बहुधा नसतात. गुलाबी-जांभळा थर देणारे चुनेधारी शैवाल, गोगलगाई, नळीत राहणारे कृमी आणि अनुसूचीबाहेरचे काही मऊ प्रवाळ एवढाच परिवार असेल तर कॅल्शियमचा खर्च अल्प असतो. दर आठवड्यास पेटीतील एक दशांश पाणी काढून ताजे समुद्रपाणी घातले तर सागरी मिठातूनच बहुतेक तूट भरून निघते. अशा पेटीसाठी सर्वोत्तम कॅल्शियमपूरक म्हणजे कोणतेही पूरक न घेणे हे होय.

गरज अनुमानाने नव्हे, मोजणीने ठरवावी. एक आठवडा काहीही न घालता व पाणी न बदलता, पहिल्या आणि आठव्या दिवशी ठरावीक वेळी अल्कता मोजावी. फरकास सातने भागले की रोजचा खर्च निघतो. फरक नगण्य असल्यास पुढील विवेचन केवळ ज्ञानापुरते समजावे.

३. चुन्याचे कुळ

‘कॅल्शियम’ हे नाव हंफ्री डेव्ही याने १८०८ साली या धातूस अलग केल्यानंतर दिले. ते लॅटिन ‘काल्क्स’ या शब्दावरून घेतले असून त्याचा अर्थ चुना असा आहे. डॉ. रघुवीर यांनी त्याच धर्तीवर ‘चूर्णातु’ अशी संज्ञा घडविली होती; परंतु मराठीत ‘कॅल्शियम’ हाच शब्द रुळला. मूलद्रव्याच्या नावाचा एक गुण असा की ते सर्व संयुगांस समान लागू पडते. दोषही नेमका हाच.

‘चुना’ हा शब्द संस्कृत ‘चूर्ण’, प्राकृत ‘चुण्ण’ या मार्गाने मराठीत आला. त्याच्या भोवती जी शब्दसंतती वाढली ती पाथरवट, भट्टीवाले, गवंडी आणि पानविडा करणारे यांच्या गरजेतून वाढली. या लोकांस मूलद्रव्याशी कर्तव्य नव्हते; द्रव्य कोणत्या अवस्थेत आहे याच्याशी होते. म्हणून अवस्थेगणिक शब्द बदलतो. जमिनीतून निघते किंवा कोकणात शिंपल्यांच्या रूपाने मिळते ती चुनखडी व तिचे भाईबंद : रसायनदृष्ट्या कॅल्शियम कार्बोनेट. भट्टीत भाजून तिच्यातील कार्बन डायऑक्साइड निघून गेला की कळीचा चुना, अर्थात चुनकळी : कॅल्शियम ऑक्साइड. तिच्यावर पाणी टाकले की ती फसफसून, तापून फुटते आणि विरलेला चुना होतो : कॅल्शियम हायड्रॉक्साइड. विरलेला चुना भरपूर पाण्यात ढवळून ठेवला की साका तळाशी बसतो आणि वर राहते ती चुन्याची निवळी. चुनखडी आणि कळीचा चुना यांतील भेद एका वायूच्या असण्या-नसण्याचा आहे, हे युरोपात जोसेफ ब्लॅक याने १७५६ साली प्रयोगांनी सिद्ध केले. सिद्धांत नंतर आला. भट्टीवाल्यांच्या भाषेत भेद आधीपासून नांदत होता.

निवळीचा एक प्रयोग प्रत्येक मराठी विद्यार्थ्याने शाळेत पाहिलेला असतो. नळीतून तीत श्वास सोडला की ती दुधाळ होते. आणि कार्बन डायऑक्साइड आणखी सोडीत राहिल्यास दुधाळपणा जाऊन ती पुन्हा स्वच्छ होते. पहिल्या पायरीत चुनखडी तयार होते, दुसरीत ती बायकार्बोनेट होऊन विरघळते. प्रवाळपेटीत वापरल्या जाणाऱ्या दोन प्रमुख पद्धती या प्रयोगाच्या दोन पायऱ्यांवरच आधारलेल्या आहेत.

४. द्रव्यांची तुलना

चुनखडी, अर्थात कॅल्शियम कार्बोनेट. औषधी गोळ्या, खडूची भुकटी आणि ‘अॅरगोनाइट’ म्हणून विकली जाणारी शुभ्र पूड या वर्गात येतात. रासायनिक मात्रा येथे अगदी योग्य आहे, कारण प्रवाळाचा सांगाडा याचाच असतो. परंतु समुद्राचे पाणी या पदार्थाने आधीच अतिसंपृक्त असल्याने तो त्यात विरघळतच नाही. पाणी गढूळ होते एवढेच. चुनखडीयुक्त जमीन कसणाऱ्या शेतकऱ्यास हा प्रकार नवा नाही. अशा जमिनीत लोह असूनही पीक पिवळे पडते, कारण असणे निराळे आणि उपलब्ध असणे निराळे. गोळ्यांत मिसळलेली जीवनसत्त्वे व बांधणीची द्रव्ये पेटीस अपायकारक ठरू शकतात ती वेगळीच.

हीच चुनखडी उपयोगी करण्याची युक्ती म्हणजे शालेय प्रयोगाची दुसरी पायरी होय. बंद नळकांड्यात प्रवाळखडीचे तुकडे भरून, कार्बन डायऑक्साइडच्या योगे तेथील पाण्याचा पीएच सुमारे ६.५ पर्यंत उतरविला की खडी विरघळते आणि कॅल्शियम व अल्कता योग्य प्रमाणात मिळतात. वायूचे नळकांडे, झडपा व नियंत्रक यांचा खर्च पाहता ही योजना मोठ्या पेट्यांनाच परवडते.

चुन्याची निवळी, अर्थात कॅल्शियम हायड्रॉक्साइडाचे संपृक्त द्रावण. पेट्यांच्या जगात ती ‘काल्कवासर’ या जर्मन नावाने ओळखली जाते. ‘काल्क’ हाही ‘काल्क्स’चाच वंशज. पीटर विल्केन्स यांच्या लेखनातून १९७० च्या दशकात तिचा प्रसार झाला. निवळीत कॅल्शियम आणि अल्कता प्रवाळास हव्या त्याच प्रमाणात असतात, आणि मागे कोणताही अन्य क्षार उरत नाही. २५ अंश सेल्सियसला लिटरभर पाण्यात सुमारे दीड ग्रॅम चुना विरघळतो. द्रावणाचा पीएच सुमारे १२.४ असतो, म्हणून ती थेंबाथेंबानेच, आणि बाष्पीभवनाने उडालेल्या पाण्याच्या जागी घालावयाची असते. साका कधीही पेटीत जाऊ देऊ नये. चुन्यातील लोह, मॅग्नेशियम, सिलिका इत्यादी अशुद्धींचा मोठा भाग त्या साक्यात राहतो. वापराची संपूर्ण सूचना जणू ‘निवळी’ या शब्दातच आहे.

कॅल्शियम क्लोराइड. बाटल्यांतून मिळणारी बहुतेक द्रवरूप पूरके याचीच असतात. ते सहज विरघळते व पीएच फारसा हलवीत नाही. पण त्यात अल्कता मुळीच नसते. ती स्वतंत्रपणे खाण्याच्या वा धुण्याच्या सोड्याच्या रूपाने द्यावी लागते. दोन्ही एकाच जागी एकाच वेळी ओतल्यास पांढरा साका होऊन दोहोंचाही नाश होतो. शिवाय उरलेल्या सोडियम व क्लोराइडमुळे लवणता हळूहळू वाढते. एकट्या क्लोराइडचाच मारा करीत राहिल्यास कॅल्शियम ५०० च्या वर चढते आणि अल्कता खालीच राहते. ‘कॅल्शियम भरपूर आहे तरी प्रवाळ मरतात’ या तक्रारीच्या मुळाशी पुष्कळदा हेच असते.

अन्य द्रव्ये. कॅल्शियम नायट्रेट हे खत आहे. ते पेटीत नायट्रेट वाढवून शैवाल माजविते. जनावरांच्या द्रवरूप कॅल्शियमात फॉस्फरस, जीवनसत्त्वे वा गोडी असू शकते. ही दोन्ही सर्वथा वर्ज्य होत. कॅल्शियम ग्लुकोनेटातील सेंद्रिय भाग जीवाणूंचे खाद्य बनतो, त्यामुळे त्याची मात्रा सांभाळणे कठीण जाते.

५. एका मात्रेचा हिशेब

शंभर लिटर पाण्याची पेटी घेऊ आणि तीत वर वर्णिलेली तूट, म्हणजे लिटरमागे २० मिलिग्रॅम कॅल्शियम व १ मिलिइक्विव्हॅलंट अल्कता, भरून काढावयाची आहे असे मानू. निवळीच्या मार्गाने ३.७ ग्रॅम कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे सुमारे अडीच लिटर निवळी लागेल. दुसऱ्या मार्गाने दोन रेणू पाणी असलेले कॅल्शियम क्लोराइड ७.३ ग्रॅम आणि खाण्याचा सोडा ८.४ ग्रॅम लागेल, आणि पेटीत सुमारे ५.८ ग्रॅम साधे मीठ जास्तीचे उरेल. पहिल्या मार्गाची मर्यादा यातून स्पष्ट होते. पेटीतून रोज जेवढे पाणी उडते तेवढीच निवळी घालता येते. खर्च त्याहून अधिक असेल तर दुसऱ्या मार्गाची जोड द्यावी लागते. मॅग्नेशियम बरेच उतरले असेल तर यांपैकी कोणताही मार्ग टिकत नाही, कारण कॅल्शियम कार्बोनेटाचा साका होण्यास मॅग्नेशियमच अटकाव करीत असते.

६. सेनगावचे पाणी, ऊन आणि वीज

काळ्या पाषाणाच्या प्रदेशातील विहिरी व कूपनलिका यांचे पाणी बहुधा दुष्फेन असते. या दुष्फेनतेस कॅल्शियम व मॅग्नेशियमच कारणीभूत असल्याने हेच पाणी पूरक म्हणून का वापरू नये, असा प्रश्न साहजिक आहे. उत्तर असे की त्याबरोबर सल्फेट, नायट्रेट, सिलिका यांसारखे घटकही येतात. पाणी उडते, हे मागे साठत जातात, आणि त्यांचे मान ऋतूगणिक बदलते. म्हणून वरून घालावयाचे पाणी निर्क्षारित असावे. गावोगाव मिळणारे ‘आर.ओ.’चे जार पिण्यासाठी असतात व त्यात चवीपुरते क्षार राखलेले असू शकतात. विद्राव्य घन पदार्थांचे मापक बुडवून खात्री करून घेणे इष्ट.

ग्रीष्मात पारा ४० अंशांवर जातो तेव्हा दोन गोष्टी घडतात. पाणी अधिक उडते, म्हणून निवळीस अधिक वाव मिळतो. परंतु चुना हा उष्णतेने कमी विरघळणाऱ्या पदार्थांपैकी आहे. ४० अंशांस लिटरमागे त्याचे मान सुमारे १.४ ग्रॅमपर्यंत उतरते. हा फरक लहान असला तरी हिशेबात धरावा. निवळीचे भांडे झाकून ठेवावे. अन्यथा हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून तिच्यावर चुनखडीचा पापुद्रा धरतो आणि तिचे बळ घटते.

वीज जाण्याची बाब याहून गंभीर आहे. सलाईनच्या नळीने थेंब-थेंब निवळी सोडण्याची रीत स्वस्त व सोयीची आहे. पण वीज गेली तर पंप थांबतो आणि थेंब चालूच राहतात. स्थिर पाण्यात पीएच एका जागी झपाट्याने चढतो व तेथील जीव होरपळतात. म्हणून जेथे विजेचा भरवसा नाही तेथे रात्रभराची संततधार टाळावी आणि पहाटे, पेटीचा पीएच नीचतम असताना, पाणी फिरते आहे हे पाहून मोजकी मात्रा हळूहळू द्यावी.

या जिल्ह्यात हळदीची लागवड मोठी आहे, आणि हळदीस चुन्याचा संस्कार करून कुंकू करण्याची रीत परंपरेने ठाऊक आहे. तीच रीत द्रव्याच्या ओळखीस उपयोगी पडते. हळदीच्या पाण्यात भिजवून वाळविलेला कागद चुन्याच्या निवळीने तत्काळ तांबडा होतो, शुद्ध कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणाने पिवळाच राहतो. चिठ्ठी निघालेल्या दोन डब्यांत भेद करण्यास एवढी परीक्षा पुरते. पेटीच्या पाण्याचा पीएच मोजण्यास मात्र ती निरुपयोगी आहे. तसेच पानाचा अथवा रंगकामाचा चुना पेटीस वापरू नये, कारण त्यातील भेसळ वा मिश्रणे अज्ञात असतात. खाद्य वा प्रयोगशाळेच्या प्रतीचे, आधीच विरलेले चूर्ण घ्यावे. कळीचा चुना घरी विरविण्याच्या भरीस पडू नये. चुन्याच्या पुड्या फुटून लहान मुलांच्या डोळ्यांस कायमची इजा झाल्याच्या घटना भारतीय नेत्रवैद्यकास सुपरिचित आहेत. निवळी दिसते पाण्यासारखी. म्हणून ती पाण्याच्या बाटलीत तर कधीच ठेवू नये.

७. निष्कर्ष

वरील विवेचनाचा सारांश असा. प्रथम अल्कता मोजून गरज आहे की नाही ते ठरवावे. गरज अल्प असेल तर पाणी बदलणेच पुरते. मध्यम असेल तर निवळी श्रेयस्कर. बाष्पीभवनाच्या मर्यादेपलीकडे असेल तर क्लोराइड आणि सोडा ही जोडी, दोन वेगळ्या वेळी, समप्रमाणात द्यावी. चुनखडीची पूड, खते आणि औषधे यांस पेटीत स्थान नाही.

परिभाषेच्या दृष्टीने यातून एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. शास्त्रीय संज्ञा नेहमीच लोकभाषेहून अधिक नेमकी असते असे मानण्याची प्रवृत्ती आहे. येथे तसे दिसत नाही. ‘कॅल्शियम’ म्हटल्याने काय आहे ते कळते, कशाबरोबर आहे ते कळत नाही. चुनखडी, चुनकळी, विरलेला चुना व निवळी या शब्दांनी तेही कळते. मराठीत विज्ञानविषयक सूचना लिहिणाऱ्यांनी या शब्दांस गावंढळ मानून दूर सारू नये. डब्यावर ‘कॅल्शियमपूरक’ असे लिहून थांबण्याऐवजी ‘विरलेला चुना, केवळ निवळी वापरावी’ असे लिहिले, तर सेनगावातील वाचकास द्रव्य कोणते आणि ते कसे वापरावे, या दोन्ही गोष्टी एका ओळीत समजतील.